आपल्यामागे रान रानच राहावं म्हणून: मृत्युपत्र, ट्रस्ट आणि सातबारा

गावाकडचं रान विकायचं नाही, मुलांना त्यात रस नाही, आणि आपण गेल्यावर कुणी ठेकेदार उभी झाडं मोजून रान उचलून नेईल ही धास्ती. मुंबईत राहणाऱ्या आणि कोकणात किंवा शहापूर-मुरबाडकडे चार-दोन एकर असणाऱ्या साठीपुढच्या कितीतरी माणसांच्या मनात हे असतं. त्यांना उपाय बहुधा एकच सुचतो. मृत्युपत्रात लिहून ठेवू: ही जमीन अमुक संस्थेला द्यावी, झाडं तोडू नयेत.

इच्छा मोलाची आहे, पण एवढ्या एका ओळीने जमीन वाचत नाही. कधी कायदाच ती ओळ बाजूला सारतो, कधी संस्था जमीन घ्यायला नकार देते. कधी जमीन संस्थेकडे जाते, पण राखणीला पैसा नसल्याने दुसऱ्याच उन्हाळ्यात वणव्यात जाते. हे टाळता येतं. फक्त काम हातीपायी धड असताना सुरू करावं लागतं.

हा विषय मूठभर निसर्गप्रेमींचा नाही. कोकणातलं बरंचसं जंगल वनखात्याचं नसून लोकांच्या खाजगी मालकीचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदीच थोडी. ऐन, किंजळ, बेहडा, कुंभा यांचं जे रान गाडीच्या खिडकीतून दिसतं, ते कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं, आणि त्या सातबाऱ्यावरची निम्मी नावं मुंबईत नोकरी करत असतात किंवा निवृत्त झालेली असतात. इकडे मुंबईच्या नळाला येणारं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येतं आणि त्यांच्या भोवतालचे डोंगर उघडे पडले तर तलावांत गाळ भरतो. त्या पट्ट्यातल्या जमिनी आज फार्महाऊसच्या प्लॉटिंगमध्ये तुकड्यातुकड्याने चालल्या आहेत. म्हणजे या रानांचं पुढे काय होणार, ते बऱ्याच अंशी मुंबईतल्या दिवाणखान्यात ठरतं.

अमेरिकेतला उपाय इथे का चालत नाही

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’ हा शब्द घरात येतोच. तिकडे जमिनीचा मालक एखाद्या लँड ट्रस्टशी करार करतो. मालकी त्याच्याकडेच राहते, पण त्या जमिनीवर बांधकाम करण्याचा, तिचे भूखंड पाडण्याचा हक्क तो कायमचा सोडून देतो. हे बंधन जमिनीला चिकटतं. जमीन विकली तरी, वारसांकडे गेली तरी, नव्या मालकालाही ते पाळावं लागतं. बदल्यात मालकाला करात सवलत मिळते आणि त्याच्या पश्चात इस्टेटीवर लागणारा करही कमी होऊ शकतो. ब्रिटनमध्ये वेगळी वाट आहे. तिथे नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ साली निघाली आणि १९०७ च्या खास कायद्याने तिला आपली जमीन कायमची अविक्रेय ठरवण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे तिकडचा माणूस निर्धास्तपणे मृत्युपत्रात जमीन तिच्या नावे करू शकतो.

आपल्याकडे या दोन्ही सोयी नाहीत. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात एका जमिनीच्या सोयीसाठी शेजारच्या जमिनीवर हक्क असतो: वाट, पाणी, उजेड. ‘जंगलाच्या भल्यासाठी’ एखाद्या संस्थेला दुसऱ्याच्या जमिनीवर कायमचा हक्क द्यायची तरतूद त्यात नाही. करांचं म्हणाल तर मृत्यूनंतर इस्टेटीवर लागणारा कर भारतात १९८५ सालीच रद्द झाला. कर वाचवण्यासाठी जमीन दान करायची असा हिशेब इथे मुळात नाही. जो देतो तो मनापासूनच देतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपला कायदा मालकी आणि अट यांची फारकत करतो. समजा, परळचे एक निवृत्त गृहस्थ आपलं संगमेश्वरचं रान मुलाला देतात आणि मृत्युपत्रात लिहितात, "ही जमीन कधीही विकू नये, झाडं तोडू नयेत." मालकी पूर्ण दिली असेल तर विक्रीवरची सरसकट बंदी कायद्यापुढे टिकत नाही. अट गळून पडते, मालकी राहते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ आणि भारतीय वारसा कायदा, १९२५ या दोन्हींचा कल याच बाजूचा आहे. मुलगा सज्जन असेल तर वडिलांचा शब्द पाळेल. नातवाचं मात्र काही सांगता येत नाही.

यातून एक वाट कायद्यानेच ठेवली आहे. खाजगी मालमत्तेला पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवता येत नाही हा सर्वसाधारण नियम आहे, पण जी मालमत्ता जनतेच्या हितासाठी, म्हणजे ज्ञान, आरोग्य, सुरक्षितता किंवा मानवजातीला उपयोगी अशा कामासाठी दिली जाते, तिला या नियमातून सूट आहे. सार्वजनिक ट्रस्ट कायम राहू शकतो, आणि त्याच्या उद्दिष्टासाठी दिलेली जमीन त्या उद्दिष्टाला बांधलेली राहते. म्हणून भारतात जमीन राखायची तर अट जमिनीला चिकटवण्याच्या मागे लागू नये. जमीन अशा मालकाच्या हाती द्यावी ज्याचं अस्तित्वच ती राखण्यासाठी आहे. बाकी सगळी कागदपत्रं या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी सातबारा उघडा

वकिलाकडे जाण्याआधी महाभूलेखच्या संकेतस्थळावरून ताजा सातबारा काढा आणि शांतपणे वाचा. जुन्या फाईलमधला चालणार नाही. कितीतरी घरांत आजोबांचं नाव अजून तसंच असतं आणि वारसनोंदच झालेली नसते.

पहिलं पाहायचं ते भोगवटादार कोण आणि कुठल्या वर्गाचे. वर्ग १ म्हणजे सर्वसाधारणपणे विनाअट मालकी. वर्ग २ असेल तर हस्तांतराला सरकारची परवानगी लागते. मग नावं मोजा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं काही विशेष नाही. चुलते, आत्या, त्यांची मुलं, सगळे समाईक. यात तुमचा हिस्सा जेवढा, तेवढाच तुम्हाला मृत्युपत्रात देता येतो. हिंदू एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा हिंदू वारसा कायद्याने दिली आहे, पण हिस्सा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे जमिनीवर ठरलेलं नसेल तर संस्थेच्या हाती नुसता अपूर्णांक पडतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, हेही हिशेबात धरा. बहिणीला न विचारता ‘आमचं रान’ म्हणून पुढे गेलात तर पहिली हरकत घरातूनच येईल, आणि ती रास्त असेल.

त्यानंतर ‘इतर अधिकार’ या रकान्याकडे या. लोक तो वाचायचा सोडून देतात आणि खरी गोष्ट तिथेच असते. कुळाचं नाव आहे का? बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का? पुनर्वसनाचा शेरा? ‘खाजगी वन’ अशी नोंद? १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातली बरीच खाजगी वनं सरकारजमा झाली, आणि अशा नोंदींवरून मुंबई-ठाण्यात वर्षानुवर्षं खटले चालले. तो शेरा असेल तर आधी तो प्रश्न सोडवावा लागेल. जमीन मूळची आदिवासी कुटुंबाची असेल तर जमीन महसूल संहितेनुसार ती बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. हे बंधन आदिवासींच्या संरक्षणासाठी आहे आणि संवर्धनाच्या नावाखालीही त्याला बगल देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी क्षेत्र. डोंगरउताराचं रान सातबाऱ्यावर बहुधा वरकस (हलकी, डोंगराळ) किंवा पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी) म्हणून दिसतं. वर कितीही दाट जंगल असलं, तरी कागदावर ती शेतजमीनच असते. आणि इथेच सगळ्यात मोठा अडसर येतो.

कलम ६३

कुळकायदा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता, बक्षीस देता, अदलाबदल करून देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्याची किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी मिळाली तरच. निसर्ग संवर्धनाची संस्था, ट्रस्ट हे शेतकरी नव्हेत.

पूर्वी अनेकांना वाटे की हे विक्री-बक्षिसाचं झालं, मृत्युपत्राचा त्यात उल्लेख कुठे आहे? २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनोदचंद्र कपाडिया विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. खटला गुजरातचा, पण कायदा मूळचा जुन्या मुंबई राज्याचा, म्हणजे आपलाच. न्यायालयाचं म्हणणं असं की शेतजमीन शेतकऱ्याच्याच हाती राहावी हा कायद्याचा हेतू आहे, आणि जे हयातीत बक्षीसपत्राने करता येत नाही ते मृत्युपत्राच्या मागल्या दाराने करू दिलं तर तो हेतूच बुडतो. त्यामुळे शेतजमीन नुसती मृत्युपत्रात लिहून बिगरशेतकरी संस्थेला देण्यावर विसंबू नका. संस्था चांगली आहे, हेतू पवित्र आहे, या गोष्टींनी कलम ६३ बदलत नाही. असं मृत्युपत्र करून निर्धास्त राहिलेल्या माणसाच्या पश्चात ती तरतूद कोसळू शकते आणि जमीन पुन्हा वारसांकडे, तिथून बाजारात जाऊ शकते.

म्हणून जमीनच द्यायची असेल तर ती हयातीत द्यावी. जिल्हाधिकारी कार्यालयात परवानगीचा अर्ज करायचा, परवानगी मिळाली की ट्रस्टच्या नावे बक्षीसपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. स्थावर मिळकतीच्या बक्षीसपत्राला नोंदणी आणि दोन साक्षीदार सक्तीचे आहेत, आणि संस्थेच्या नावे असल्याने मुद्रांक शुल्कही चांगलंच लागतं. जवळच्या नातलगांना मिळणारी सवलत इथे नाही. हे सगळं वेळखाऊ आहे. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिने लागतात. पण अर्जावर सही करायला, चौकशीला हजर राहायला तुम्ही स्वतः असता, आणि तुमच्या पश्चात ही दगदग तुमच्याइतक्या आस्थेने दुसरं कुणी करेलच असं नाही.

परवानगी मिळण्यासारखी नसेल तर दुसरी वाट आहे. जमीन कुटुंबातल्याच शेतकरी वारसाला द्यायची, ज्याला रानाची ओढ आहे. पुतण्या असेल, भाची असेल. सोबत ते रान राखण्यापुरता निधी एखाद्या ट्रस्टकडे ठेवायचा. ट्रस्ट दर वर्षी राखणीचा खर्च देणार, तो रान उभं आहे तोवरच. मालकीवर घातलेली अट टिकत नाही, पण पैसे कधी द्यायचे याची अट टिकते. कोकणात याच्या जवळ जाणारं काम झालेलं आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन (एईआरएफ) या संस्थेने संगमेश्वर भागात खाजगी रानांच्या मालकांशी संवर्धनाचे करार केले, ज्यात रान न तोडण्याच्या बदल्यात गावाला, मालकांना मोबदला मिळतो. असा करार ठरावीक मुदतीचा असतो, कायमचा नसतो. तरीही ज्या काळात ट्रकच्या ट्रक लाकूड घाट चढून जातं, त्या काळात दहा वर्षं रान उभं राहणं ही मोठी कमाई आहे. दहा वर्षांत त्या रानात धनेशाच्या किती विणी होतील!

तिसरी वाट सरकारमार्गे जाते आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव’ ही सोय आणली. एखाद्या व्यक्तीने किंवा गावाने स्वखुशीने पुढे होऊन आपल्या जमिनीवरच्या जीवसृष्टीच्या रक्षणासाठी मागणी केली, तर राज्य सरकार ती जमीन समुदाय राखीव घोषित करू शकतं. मालकी जात नाही. पण एकदा घोषणा झाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता यांच्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. अमेरिकेतल्या त्या जमिनीला चिकटणाऱ्या बंधनाच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट ती हीच. त्याचबरोबर जैवविविधता कायदा, २००२ खाली ‘जैवविविधता वारसा स्थळ’ घोषित होऊ शकतं. सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्डे इथली मायरिस्टिका वृक्षांची दलदल आणि आंबोलीची हिरण्यकेशी माशाची जागा अशी घोषित झाली आहे. एकट्याच्या दोन एकरांवर हे होणं अवघड. भावकीने मिळून डोंगराची एक बाजू पुढे केली तर बोलणी सुरू होऊ शकतात.

जमीन नसलेल्यांसाठी, म्हणजे बहुतेक मुंबईकरांसाठी

माझ्या मते बहुतेक मुंबईकरांनी जमीन देण्यापेक्षा पैसा द्यावा. मुंबईतल्या साध्या दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या किमतीत कोकणात केवढं रान राखलं जाईल याचा हिशेब करून पाहा. संस्थांना खरी चणचण जमिनीची नसते, राखणीच्या पैशाची असते. माघ-फाल्गुनात जाळरेषा काढायच्या, गडगे ढासळलेत ते रचायचे, राखणदाराचा पगार द्यायचा, शेजाऱ्याने हद्द सरकवली तर मोजणी आणायची. हा खर्च दर वर्षी येतो आणि त्यासाठी देणगी द्यायला कुणी उत्साहाने पुढे येत नाही. समजा, तुम्ही २० लाख रुपये ठेवलेत आणि त्यावर ६ टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला १ लाख २० हजार. महिन्याला १० हजार रुपये एका रानाच्या राखणीला कायमचे मिळाले. मात्र मृत्युपत्रात ‘कायम निधी’ हे शब्द हवेत, मुद्दल न मोडता फक्त उत्पन्न खर्चायचं हे स्पष्ट हवं. नाहीतर रक्कम पहिल्याच वर्षी कार्यालयाच्या रंगरंगोटीत जिरू शकते.

पैसा देण्यात कलम ६३ आडवं येत नाही. मुदतठेव, शेअर, म्युच्युअल फंड, सोनं, फ्लॅट, काहीही देता येतं. फ्लॅट थेट संस्थेच्या नावे करण्यापेक्षा मृत्युपत्रात व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा माणूस, नेमून ‘फ्लॅट विकून येणाऱ्या रकमेपैकी इतका हिस्सा अमुक ट्रस्टला’ असं लिहिणं सोपं पडतं. सोसायटीचं सभासदत्व, भाडेकरू, डागडुजी या भानगडी संस्थेच्या गळ्यात पडत नाहीत, आणि उरलेला हिस्सा मुलांना देता येतो. गावच्या जमिनीबाबतही हे चालतं: ती शेतकऱ्यालाच विकायची आणि रक्कम संवर्धनाला. पण मग ते रान वाचेलच असं नाही, दुसरं एखादं वाचेल. हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा.

नॉमिनीचा घोळ मात्र मुंबईत घरोघरी आहे. बँकेत, डिमॅटमध्ये, सोसायटीत मुलाला नॉमिनी केलं आणि मृत्युपत्रात तीच रक्कम ट्रस्टला लिहिली, तर कोण जिंकतो? नॉमिनी हा सांभाळणारा आहे, मालक नव्हे. शेअर आणि डिबेंचरच्या बाबतीत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं. कायदा मृत्युपत्राच्या बाजूचा आहे. पण पैसे प्रथम नॉमिनीच्या हाती पडतात, आणि दुसऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे ट्रस्टने मागून घेणं म्हणजे भांडण. म्हणून नामांकन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळतं ठेवा.

ट्रस्ट निवडताना

महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते, आणि तिचा पाया १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. नोंदणी क्रमांकाच्या आधी एक इंग्रजी अक्षर असतं. धर्मनिरपेक्ष धर्मादाय ट्रस्टला ‘ई’, सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेला ‘एफ’. मृत्युपत्रात संस्थेचं नाव लिहाल ते या नोंदणीतलं, क्रमांकासकट लिहा. मुंबईत सारख्या नावाच्या डझनभर संस्था आहेत. ‘निसर्ग मित्र मंडळ’ एवढंच लिहिलंत तर तीन मंडळं न्यायालयात हजर होतील.

संस्थेच्या घटनेत उद्दिष्टं काय आहेत, ते वाचा. पर्यावरणाचं रक्षण, त्यात पाणलोट, वनं आणि वन्यजीव यांचा समावेश, हे आयकर कायद्यात धर्मादाय कामात मोडतंच, पण त्या संस्थेच्या स्वतःच्या उद्दिष्टांत ते असायला हवं. मग धर्मादाय कार्यालयातून तिचं परिशिष्ट १ पाहा, म्हणजे तिच्या नावावर कुठल्या मिळकती आहेत आणि विश्वस्त कोण, ते कळेल. हिशेबपत्रकं दर वर्षी दाखल झाली आहेत का, विश्वस्तांतले वाद चालू आहेत का, हेही विचारा. वाद चालू असतील तर नम्रपणे दुसरीकडे वळा.

एक संरक्षण कायद्यात आहे. ट्रस्टला आपली स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. शेतजमीन १० वर्षांहून आणि इतर मिळकत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. हे चांगलं आहे, पण याच्यावर भिस्त ठेवू नका. आयुक्त परवानगी देताना पाहतात ते ट्रस्टचं हित. विश्वस्तांनी म्हटलं की हे दोन एकर विकून येणाऱ्या पैशात आम्ही शाळा बांधू, तर ते ट्रस्टच्या हिताचं ठरू शकतं. रानाच्या वतीने बोलणारं त्या सुनावणीत कुणीच नसेल. म्हणून जमीन संस्थेच्या सर्वसाधारण मिळकतीत मिसळू देऊ नका. ‘हे रान रान म्हणून राखणं’ हेच उद्दिष्ट असलेला स्वतंत्र ट्रस्ट करावा, किंवा दानपत्रात तेच दानाचं प्रयोजन म्हणून ठळक लिहावं. मग रान विकणं म्हणजे उद्दिष्टच मोडणं ठरतं आणि विकणाऱ्याला ते समर्थन करणं जड जातं.

लिहायचं कसं

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं. करणाऱ्याने सही करायची, दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून आपल्या सह्या करायच्या. साक्षीदार वयाने तुमच्याहून लहान आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे घ्यावेत. संस्थेचे पदाधिकारी तर मुळीच नकोत. नोंदणी ऐच्छिक आहे, पण संस्थेला काही द्यायचं असेल तर जरूर करावी. ‘म्हाताऱ्याला गळ घालून लिहून घेतलं’ हा आरोप अशा मृत्युपत्रांवर हमखास होतो. त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखलाही जोडावा.

भाषेतला एक फरक फार महागात पडतो. "माझी इच्छा आहे की मुलाने शक्य झाल्यास काही रक्कम निसर्गकार्याला द्यावी," ही नुसती विनंती. ती पाळायचं बंधन कुणावरच नाही. त्याऐवजी मजकूर असा हवा:

"माझ्या नावावरील अमुक बँकेतील मुदतठेवींची सर्व रक्कम मी अमुक ट्रस्ट, मुंबई, धर्मादाय नोंदणी क्रमांक ई-अमुक, यास देत आहे. ही रक्कम कायम निधी म्हणून गुंतवावी व तिचे उत्पन्न केवळ रत्नागिरी जिल्ह्यातील खाजगी वनांच्या राखणीसाठी खर्च करावे. माझ्या मृत्युसमयी सदर ट्रस्ट अस्तित्वात नसल्यास अथवा त्याने ही देणगी नाकारल्यास ती रक्कम तमुक ट्रस्टला याच प्रयोजनासाठी द्यावी."

यातलं शेवटचं वाक्य लोक विसरतात. तुम्ही आणखी पंचवीस वर्षं जगाल, जगावंतच. तोवर संस्था टिकेल का हे कुणी सांगावं? पर्याय दिलेला नसेल तर मूळ हेतूच्या जवळचं उद्दिष्ट शोधण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण ते ठरवायला न्यायालयात जावं लागतं. प्रयोजनही फार आवळून लिहू नये. ‘फक्त अमुक सर्व्हे नंबरमधल्या सहा बेहड्यांसाठी’ असं लिहिलंत आणि बेहडे वादळात पडले तर निधी अडकून बसेल.

धर्माप्रमाणे थोडे फरक आहेत. हिंदू माणूस आपली स्वकष्टार्जित मिळकत सगळीच्या सगळी दान करू शकतो, पण आश्रितांच्या पोटगीचा हक्क त्यामुळे संपत नाही. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. ख्रिस्ती कुटुंबांवर एके काळी एक जाचक अट होती: पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं नातं हयात असेल तर धर्मादायाला दिलेलं दान मृत्युपूर्वी किमान बारा महिने आधी केलेल्या मृत्युपत्रातूनच टिकायचं, आणि ते मृत्युपत्र सहा महिन्यांच्या आत ठरल्या जागी जमाही करावं लागे. भारतीय वारसा कायद्याचं हे कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली जॉन वल्लमट्टम खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. गोराई, मनोरी, वसईच्या ईस्ट इंडियन घरांतल्या कितीतरी ज्येष्ठांना ती जुनी अट अजून लागू आहे असं वाटतं. ती नाही. त्यांच्यातल्या काहींच्या जमिनीत खारफुटी आहे, आणि खाजगी जमिनीतल्या खारफुटीलाही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण आहे. तिथे बांधकामाची आशा तशीही नाही. संवर्धनाला देण्याचा विचार तिथे तुलनेने हलक्या मनाने करता येईल.

मुलांना हे सगळं आजच सांगा. गणपतीत सगळे गावी जमतात तेव्हा रानात फिरवून आणा, कुठला भाग का राखायचा ते दाखवा आणि कुणाला किती देणार आहात हेही लपवू नका. मृत्युपत्र वाचताना प्रथमच कळलेली देणगी मुलांना आपल्यावरचा अविश्वास वाटते, आणि वकिलांची फी तिथूनच सुरू होते.

मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने पुढे काय करायचं, तेही त्याला आत्ताच लिहून द्या. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याची न्यायालयाची मोहोर, घेणं वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. ती सक्ती २०२५ च्या अखेरीस संसदेने काढली, तरी कुटुंबात हरकतीची शक्यता असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं. मृत्युपत्रातूनच नवा सार्वजनिक ट्रस्ट निर्माण होत असेल, तर प्रोबेट मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यातलं जे आधी येईल त्या मुदतीत व्यवस्थापकाने धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज करायचा असतो. जमीन शेतकरी वारसाकडे जाणार असेल तर मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे फेरफाराचा अर्ज द्यायचा, आणि नोंद प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून त्यातलं नाव, क्षेत्र आणि इतर अधिकाराचा रकाना स्वतः तपासायचा.